डेल्फाच्या घरावरची लाल रेघ

शाळेच्या व्यायामशाळेत नकाशे मांडले होते. दोन महामार्गांना जोडणाऱ्या नव्या रस्त्याची लाल रेघ बदामांच्या बागा ओलांडून थेट डेल्फा स्ट्राउडच्या घरावर चढली होती. आज अखेरचा निर्णय कळणार होता. वर्षभर डेल्फा देव पाण्यात घालून बसली होती. आता ती त्या रेघेवरून नजर हलवत नव्हती.

"घाबरतेस काय?" हार्लन, तिचा नवरा, म्हणाला. "मेलो तरी हे घर सोडणार नाही मी. आणि तूही नाही."

"हो," डेल्फा म्हणाली.

त्या घरात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. ओरेगॉनला बहिणीकडे जायचं तिने कितीदा काढलं. पण घर टाकून कसं जायचं, असं हार्लन विचारी. गाडीची किल्लीही त्याच्याच खिशात असे. रस्त्याचं कळल्यापासून मात्र दोघांनी कंबर कसली होती. तो सभांत गरजायचा. ती दर गुरुवारी चर्चमधल्या बायकांच्या गाडीतून रस्तेखात्यात जायची आणि इंजिनियर किरोझच्या टेबलावर जर्दाळूचा केक ठेवायची.

"माझी तोफ, हिचा केक!" हार्लन शेजाऱ्यांना सांगत होता. "घर पाडलं तर सरकार पैसे देणार म्हणे, निम्मे हिच्या हातात वेगळे. हिला काय करायचेत? सुयादोरे घ्यायला?"

शेजारी हसले. डेल्फाही हसली.

किरोझने नवा नकाशा उलगडला. रस्ता दुभागला होता. जाणारा घराच्या पुढून, येणारा मागून, आणि मधोमध घर सहीसलामत.

"वरच्यांनी तुमचा अर्ज मान्य केला, मिस्टर स्ट्राउड."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हार्लनने टोपी उडवली. "आता कुणाचा बाप आपल्याला हलवतो ते बघतो, डेल्फा!"

डेल्फाला रडू कोसळलं. बायकांनी तिला जवळ घेतलं. "रड गं, मोकळी हो. जिंकलीस तू."

हार्लन सगळ्यांशी हात मिळवत फिरू लागला. किरोझ नकाशा गुंडाळत तिच्याजवळ आला आणि मान वर न करता हळूच म्हणाला,

"माफ करा, बाई. तुम्ही विनवलं होतं तशी रेघ मी शेवटपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरावरूनच नेत होतो."