पहिला मान

यशोदाबाईंनी गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि कमरेवर हात देऊन अम्मारला विचारलं, "ब्रेक नवीन टाकलंस ना रं पोरा?"

अम्मारच्या आधी दिपेश बोलला. "टाकले ना आये. पहिलं काम तेच केलं."

"तुला नाय इचारला. मिस्त्रीला इचारला."

अम्मार फडक्याला बोटं पुसत होता. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती. "झालंय काम, काकी," तो म्हणाला.

उलव्यातल्या त्या घरापुढे उभी असलेली स्पोर्ट्स कार वीस-बावीस वर्षांची होती. दोन दारांची, बुटकी, लाल. दिपेशने ती कुणाच्या तरी गोडाऊनमधून धुळीखालून बाहेर काढली होती, आणि सगळा पावसाळा ती तुर्भ्याला अम्मारच्या गॅरेजमध्ये उघडी पडून होती. मागची सीट काढून वजन कमी केलं. भंगारात हिंडून टर्बो मिळवला. आता ती नवी असताना पळाली नसेल इतकी पळत होती.

यशोदाबाईंनी लेकाला ब्रेकसाठी दिलेले पैसे त्या टर्बोत गेले होते. ही गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. "ब्रेक पुढच्या महिन्यात करू, टेन्शन घेऊ नको," असं दिपेश म्हणाला होता. तोवर अम्मारने ब्रेकच्या पंपात दुसऱ्याच गाडीचे रबर घालून वेळ भागवली होती. पेडल दाबलं की सरळ तळाला जायचं. भराभर तीन-चारदा मारलं तर थोडं धरायचं. कधी तेवढंही नाही.

टेम्पोवरून उतरवलेली गाडी यशोदाबाईंना पूजेला चालणार नव्हती. म्हणून अम्मारनेच ती पहाटे रिकाम्या रस्त्याने, गिअरवर आणि हँडब्रेकवर, हळूहळू चालवत आणली होती. दोघांत ठरलं होतं ते इतकंच. पूजा, नारळ, लिंबांवरून हातभर पुढे. मग तशीच परत गॅरेजला.

दिपेशची बायको सोनल हिने गाडीला ओवाळलं. नारळ फुटला. दिपेश आत बसला आणि इंजिन सुरू झालं, तशी शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. यशोदाबाईंनी कानांवर हात ठेवले. त्या हसत होत्या.

लिंबं चिरडली गेली. गाडी हातभर पुढे सरकून थांबली. दिपेशने हँडब्रेक ओढला होता, हे एकट्या अम्मारला कळलं.

यशोदाबाईंनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"आये, कुठं?"

"कुठं म्हंजे? पयली मीच बसनार. तुज्या बापानं टॅम्पो आनला तवा बी पयली मीच बसलेली. गावदेवीला जाऊन येव. मंग तू नि तुजी बायको कुठं फिराचा तिकडं फिरा."

"संध्याकाळी जाऊ ना. आत्ताच सेटिंग केलंय."

"सेटिंगला काय झाला? इंजान हाय, ब्रेक हाय. अजून काय पायजे देवीकडं जायाला?"

"न्या हो त्यांना," सोनल म्हणाली. "सकाळपासून नवी साडी नेसून बसल्यात. मला तर हातसुद्धा लावू देत नाहीयेत गाडीला."

यशोदाबाई आधी बसल्या आणि मग पाय एकेक करून आत घेतले. "अगो, ह्या तर जमनीवर बसल्यासारखा वाटतं," त्या म्हणाल्या. ओवाळणीचं ताट त्यांनी मांडीवर नीट धरलं.

दिपेशने काचेतून अम्मारकडे पाहिलं. तू सांग, असं ती नजर म्हणत असेल. बोलू नकोस, असंही म्हणत असेल. अम्मार फडकं हातात धरून उभा राहिला. दार बंद झालं.

घरापुढचा रस्ता पुढे उताराचा होता; तिथे नुसता हँडब्रेक पुरला नसता. उताराच्या तळाशी मोठा रस्ता, आणि त्यावरून जासईकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक चालले होते. गावदेवीचं देऊळ त्या रस्त्याच्या पलीकडे होतं.

गाडी निघाली. अम्मारच्या हातातलं फडकं खाली पडलं. तो चार पावलं धावला.

"दिप्या..."

सोनल आडवी आली. "मागून हाक नका मारू, अम्मारभाई. आई पहिल्यांदाच बसल्यात. त्यांना चालत नाही असलं."

"वहिनी, तसं नाही, ते..."

"येतील ना पाच मिनिटांत. तेव्हा काय ते बोला." तिने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं. त्या आवाजात गाडीचा आवाज बुडाला. ती फक्त दिसत होती, लाल, बुटकी, उतारावर लहान होत जाणारी.

उताराच्या मध्यावर तिचे मागचे दिवे लागले. विझले. लागले. मग ते भराभर, लागोपाठ, लागत आणि विझत राहिले.

सोनल हसली. तिने हात उंच केला आणि हलवू लागली.

"बघा," ती म्हणाली, "आईंनी टाटा करायला लावलं वाटतं यांना."