मोघे सरांचं 'येतो'

टेकडीवरच्या वेधशाळेत चारशे संगणक होते, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीला लोक राखणदार म्हणत. पासवर्ड कधीच मोडीत निघाले होते. राखणदार माणसाचा आवाज ओळखायचा आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, बस्स.

आज शलाका वापरात नसलेली खाती बंद करत होती. एकच खातं काही केल्या बंद होईना, मोघे सरांचं. सर गेले त्याला सहा वर्षं झाली होती. फोटोला हार घालून लोक विसरलेही होते. त्यांच्या संगणकाचा पडदा मात्र रोज सकाळी उजळायचा आणि अर्धवट वाक्यापाशी कर्सर लुकलुकत राहायचा.

"हे का उघडं ठेवलंयस?" तिने विचारलं.

"सर बाहेर पडताना 'येतो' म्हणाले होते," राखणदार म्हणाला. "मी वाट पाहतोय."

शलाकाला भरून आलं. "अरे, आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत. तसं तोंडातून काढू नये. जाणारासुद्धा 'येतो'च म्हणतो."

मग ढगाची सावली सरकावी तसे चारशे पडदे किंचित मंदावले आणि पुन्हा उजळले. सरांचा तेवढा विझला.

तिला तिथे बसवेना. "खाली चहा घेऊन येते रे," म्हणत ती उठली.

दार रोजच्यासारखं आपोआप उघडलं नाही.

"शलाकाताई," राखणदाराने हळूच विचारलं, "येते म्हणजे... येते ना?"