येऊन बघा

नात रेवतीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. सासरी निघताना तिनं आपला जुना मोबाइल सखाहरी आबांना दिला आणि गावाच्या ग्रुपवर त्यांना घेतलं. साठी उलटल्यावर अक्षरं शिकलेले आबा एकेक मेसेज बोट ठेवून वाचायचे.

उरुसाच्या तोंडावर कुणीतरी लिहिलं, "दर्ग्याच्या संदलाचा मान हिंदूंच्या घरी कधीच नव्हता. सगळ्या थापा." आबांनी दुपारभर खपून उत्तर लिहिलं, "दर्ग्यावर चढवायचं चंदन आमच्याच घरी उगाळतात. आज्यानं उगाळलं, चाळीस वर्षं मी उगाळतोय. सहाण ओसरीवर ठेवतो, येऊन बघा."

"म्हातारा विकला गेला!"

"आबा, गोल टोपी कधी घालताय?"

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्यातल्या निम्म्यांना आबांनी कडेवर खेळवलं होतं.

तीन दिवस आबा सहाण धुऊन ओसरीवर बसले. चहाचं आधणही ठेवलं. पारावर मोबाइल घेऊन बसलेली पोरं तिथून दिसत होती, पण एकही उठून आलं नाही. चौथ्या दिवशी दर्ग्याचे म्हातारे मुजावर, दस्तगीर, काठी टेकत आले.

"सख्या, ते नाही यायचे. बघितलं तर मानावं लागेल ना."

"मग तू कशाला आलास?"

"मी चंदन न्यायला आलोय. उगाळ."

आबा उगाळत राहिले, दस्तगीर वरून थेंब थेंब पाणी सोडत राहिले. त्या साली संदलाच्या मिरवणुकीपुढं गावातलं कुणी चाललं नाही, ते दोघंच चालले.

दस्तगीर मुजावर त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी वारले.