दिवा

“उद्या मी आत उभा राहतो,” मोरेश्वरकाका म्हणाले. “आपलं माणूस जवळ असलं की बरं असतं.”

सुलेखाने उशीवरूनच मान हलवली. टेक्सासमधल्या अर्विंगच्या निम्म्या मराठी घरांची ऑपरेशनं काकांनी केली होती. तिचं पित्ताशयही त्यांनीच काढलं. सेकंड ओपिनियन घ्यावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. काकांना विचारल्यावर आणखी कुणाला विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वासच.

आता दुसरी सर्जन तिची बंद पडलेली पित्तनळी जोडणार होती आणि आत एक बारीक स्टेंट ठेवणार होती.

“तो काढायचीही गरज नाही गं,” काका समजावत होते. “काही महिन्यांत आपोआप विरघळतो. मागे काही उरत नाही.”

“पण मुळात नळी बंद का पडली, काका?”

“होतं असं एखादीला. आपणहून आखडते. नशीब म्हणायचं.”

सुचित्राकाकू डब्यातला मऊ भात वाटीत काढत होत्या. “यांनाही कमी लागलं नाहीये हं, सुलेखा. पाडव्याला तुझं ऑपरेशन करून आले ते भरल्या ताटावरून उठलेच. पुरणपोळीला हात लावला नाही. म्हणाले, नळी बंद करायची क्लिप भलत्याच नळीला बसली बहुतेक पोरीच्या…”

“सुचित्रा!”

काकूंचा चमचा डब्यातच राहिला.

सुलेखा काकांकडे बघत राहिली. पाडव्यानंतर किती फोन केले होते तिने. अंगाला खाज सुटली, तर ‘टेक्सासची कोरडी हवा.’ उलट्या झाल्या, तर ‘गॅस धरलाय, ओवा चाव.’ चिमुरडी अनया म्हणाली, ‘आई, युअर आइज आर यलो,’ तेव्हा काका फोनवर खो खो हसले होते. ‘लेकीला म्हणावं, घरातला दिवा बदला!’ सुलेखाही हसली होती. आणि तिच्या नवऱ्याने, गिरीशने, खरंच बल्ब बदलला होता.

“त्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “खात्री नव्हती गं. म्हटलं, बघू चार दिवस. तू आधीच घाबरट, उगाच जिवाला घोर कशाला?”

गिरीश घाईने उठला. “काका, चला, मी खाली सोडतो तुम्हाला.” मग नेहमीच्या सवयीने म्हणाला, “अनया, आजोबांना नमस्कार कर.”

अनया खुर्चीवरून टुणकन उतरली आणि शिकवल्याप्रमाणे वाकली. तिचे हात काकांच्या बुटांपर्यंत पोचायच्या आत सुलेखाने सलाइन लावलेल्या हाताने तिचा फ्रॉक मागून धरला. नळी ताणली गेली.

“आई, लेट गो!”

“उद्या तुम्ही आत नकोत, काका,” सुलेखा म्हणाली.

फ्रॉक तिने सोडला नाही.