हंसराजाची तब्येत

तेर गावची माहेरची विहीर बुजवायला घेतली, तेव्हा पुतळाबाईंनी तिच्या कपारीतला हंसराज मुळासकट काढून सासरी बेंबळीला आणला आणि कुंडीत लावला. लहानपणी पाणी शेंदताना तो रोज दिसायचा. माहेरचं तेवढंच उरलं होतं आणि ते जगवायचंच होतं. पण जरा ऊन लागलं, की त्याची नाजूक पानं करपायची. म्हणून मे महिन्यात त्यांनी आतल्या खोलीची खिडकी ओल्या पोत्यानं झाकली, घरातला एकुलता एक कूलर कुंडीपुढं लावला आणि नवऱ्याची, व्यंकटरावांची बाज बाहेर पत्र्याखाली टाकली.

दिवसभर दार लोटलेलं आणि कूलर चालू बघून गल्लीनं ओळखलं, आत कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. शेजारच्या लक्ष्मीबाई चारजणींना घेऊन भेटायला आल्या. आत बघतात तर कुंडी! पण हातात केळी होती, माघारी कशी न्यायची?

"आता कसं हाय ओ?" त्यांनी कुंडीकडं बघत विचारलं.

"कालच्यापरीस बरं हाय. सकाळी एक पान उलगडलं."

"जपा बाई. उन्हाळा लई वंगाळ हाय."

"अवं, मलाबी कुणीतरी इचारा की!" व्यंकटराव बाहेरून घाम पुसत ओरडले.

"तुमाला काय धाड भरलीय?" पुतळाबाई म्हणाल्या.

दोन दिवसांत उरलेली गल्लीही केळी ठेवून गेली.


चौथ्या दिवशी व्यंकटरावांना खरोखरच ऊन लागलं. पण बघायला कुणीच आलं नाही, कारण त्या घरच्या आजाऱ्याला सगळे आधीच भेटून गेले होते.