शेजाऱ्याचा वाचक

सात वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला भिंगकाकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना त्यांना तेच आठवत होतं.

गुप्त खबर देणाऱ्यांसाठी कार्यालयाने एक संगणकी कुलूप जाहीर करून ठेवलं होतं. मजकूर त्यात बंद करून कुणीही पाठवावा. पाठवणारा कोण ते कळू नये, आणि मजकूर उघडावा फक्त याच इमारतीत. त्या कुलपातून चार ओळी आल्या होत्या.

'माझं लिखाण वाचणाऱ्या सरकारी माणसास. एवढ्या बारकाईने मला दुसरं कुणी वाचत नसेल. म्हणून एकच विचारायचं आहे. बरं असतं का हो? – शेजारी.'

शेजारी कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चौकशीला नेलेली आणि घरी न परतलेली माणसं, त्यांची नावं, जाताना त्यांच्या अंगावर कोणते कपडे होते, हे सगळं अकरा वर्षं हजारो लोकांच्या संगणकावर जाऊन पडत होतं. माग काढावा तर तो दहा देशांतून फिरून हवेत विरायचा. लेखक सापडला तर त्याला दहा वर्षं तुरुंग. भिंगकाकांचं काम एवढंच, की आलेलं वाचायचं, तारीख, वार आणि वेळ वहीत चढवायची, आणि लेखक ओळखायचा.

उत्तर देणं नियमात बसत नव्हतं, हे न लिहिण्याचं एक कारण. दुसरं कारण त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

घरी कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी शपथ होती. शाळेत गणित शिकवणं सोडून घरी बसलेली बायको समजत होती की ते जुनी कागदपत्रं लावतात. दिवसभर करता तरी काय, असं ती विचारायची. वाचतो, म्हणायचे. मग घरचं वर्तमानपत्र का चावतं, असं ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

दुपारी साहेबांनी खोलीत बोलावलं. यंत्रवाल्या बाई आधीच वही उघडून बसल्या होत्या. त्यांचं नवं यंत्र उद्यापासून सुरू होणार होतं. लेखक कोणत्या दिवशी गप्प होता ते त्याला सांगायचं. मग त्या दिवशी गावातलं कोण कुठे होतं, कोण रजेवर, कोण प्रवासात, हे ताडून ते तासाभरात माणूस चाळून काढणार होतं. शेजाऱ्याची वही पहिल्याच दिवशी आत जायची होती.

काकांना चहा दिला गेला. बाई पानं उलटता उलटता थांबल्या.

"काका, गंमत बघा. तुम्ही रजेवर असलात की तुमचा शेजारीही गप्प. मुलीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस गेला होतात, तर पंधरा दिवस एक ओळ नाही. तापाने झोपला होतात, तेव्हाही नाही. तुमच्यावाचून त्याला करमत नाही वाटतं."

काकांचा कप बशीवर वाजला.

साहेब मात्र हसले. "अहो बाई, हे रजेवर गेल्यावर नोंद करणार कोण? बदली माणूस मी कधी दिलाच नाही. आलं असेल लिखाण, वहीत चढलं नसेल. का हो भिंगकाका?"

काका फरशीकडे बघत होते. "राहून गेलं साहेब," ते म्हणाले. "मागाहून भरायला हवं होतं. माझाच आळस."

लिखाणावर तारीख असते का, असं बाईंनी विचारलं. शेजारी तारीख कधीच घालत नसे, आणि लिखाण आल्याची नोंद या वहीपलीकडे कुठेच नव्हती. बाईंनी कपाळाला हात लावला. चुकीचे दिवस भरवले की यंत्र चुकीचा माणूस काढतं; चाचणीत त्याने खुद्द मंत्र्यांच्या मेहुण्याचं नाव काढलं होतं. असली वही मी आत घालणार नाही, असं सांगून त्यांनी ती मिटून बाजूला सारली.

साहेबांनी वहीवर शिक्का मारला. लेखक अज्ञात, प्रकरण बंद.

"अकरा वर्षं वाचलंत, आणि हाती काय, तर भोपळा," ते म्हणाले.

सगळे हसले. काकाही हसले. इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला.

जिना उतरताना गुडघ्यांची कुरकुर त्यांना ऐकू आली नाही. अकरा वर्षं पाठीवर घेतलेलं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं, तसं झालं होतं. कोपऱ्यावरच्या टपाल कार्यालयात शिरून त्यांनी एक पाकीट घेतलं आणि दोरीला बांधलेल्या पेनाने उभ्या उभ्याच लिहायला सुरुवात केली. दोन कागद फाडले. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य पसंत पडेना. तिसरा ठेवला.

'बरं असतं. फार बरं असतं. सांगायला सात वर्षं उशीर झाला. इथला वाचक आज गेला, वहीही बंद झाली. तरी वार आणि वेळ बदलत जा. उद्यापासून अकरा ते एक मी रोज वाचनालयात बसणार आहे.'

मग त्यांनी पाकिटावर बायकोचं नाव घातलं, खाली आपल्याच घराचा पत्ता लिहिला आणि पाकीट पेटीत टाकलं.