चार नंबरचा होकार

"आजोबा, फोर इज सेइंग येस," स्वरांगी म्हणाली.

मोरेश्वरांनी मान वर केली नाही. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला टेकून ते आपली टिपणं शेवटचं एकदा वाचत होते. नऊ घोडे, एक मैल, तीन दिवसांच्या पावसाने मऊ झालेली जमीन. दोन नंबर सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे पळतो, पण शेवटच्या फर्लांगात दमतो. सात नंबरला कडक जमीन लागते. नऊ नंबर चांगला, पण पाच महिन्यांनी आज पहिल्यांदा पळतोय. चार नंबर गेल्या महिन्यात इथेच दुसरा आला, तोही अशाच ओल्या जमिनीवर. खाली त्यांनी दोनदा गिरवून लिहिलं होतं: चार. शंकाच नाही.

चार नंबरवर शशिकांत बसला होता.

आयर्लंडमधल्या किल्डेअरची ही शर्यत वर्षातून एकदा, तबेल्यांत काम करणाऱ्यांसाठी व्हायची. रोज पहाटे घोडे फिरवून आणणारे त्या एका दिवसापुरते जॉकी व्हायचे. शशिकांत आठ वर्षं इथे नोकरीला होता. आता अडतिसावं लागलं होतं. यंदा ट्रेनरने पहिल्यांदा त्याचं नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी देईलच असं नव्हतं.

पुण्यात तो खराखुरा जॉकी होता. मोरेश्वर तेव्हा एका साप्ताहिकात रेसचे अंदाज लिहीत, आणि लोक त्यांचा शब्द मानत. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी पहिला येईल म्हणून सांगितलेला घोडा शेवटचा आला. त्यावर शशिकांत होता. मोरेश्वरांनी लिहिलं, 'घोडा जिंकणाराच होता. स्वाराने त्याला पळवलं नाही.' त्यानंतर पुण्यात शशिकांतला कुणी घोडा दिला नाही.

गेल्या महिन्यात मलिंगारला, मोरेश्वरांच्या लेकीच्या घरी, मराठी मंडळींच्या जेवणात तो अचानक समोर आला. वाकून पाया पडला. "काका, ओळखलंत का?" एवढंच म्हणाला. त्या दोन ओळींबद्दल एक शब्द नाही. तेव्हापासून मोरेश्वर हे कागद घेऊन बसले होते. घोडा कुठे रोखायचा, कुठे सोडायचा, सगळं त्यांनी शशिकांतला फोनवर समजावलं होतं. या खेपेला त्याला जिंकताना बघायचं होतं.

"आजोबा, लुक ना!" नातीने बाही ओढली. "ऑल द टाइम येस, येस, येस."

मोरेश्वरांनी वाचायचा चष्मा काढला.

चार नंबरचा तांबडा घोडा समोरून चालला होता. लगाम धरून एक मुलगी त्याला फिरवत होती. वर शशिकांत ताठ बसला होता. अंगावर हिरवा रेशमी सदरा, नजर समोर. घोड्याची मान खाली जात होती, वर येत होती. अगदी थोडी. पण दर चार पावलांत एकदा, न चुकता.

"स्वरा," मोरेश्वर हळू म्हणाले, "नीट बघून सांग. घाई नको. मान खाली जाते तेव्हा पुढचा कुठला पाय जमिनीवर टेकतो?"

तिने ओठ हलवत मोजलं. "लेफ्ट."

"परत बघ."

"लेफ्ट, आजोबा. एव्हरी टाइम."

"चांगल्या पायावर तो भार टाकतो, बाळ. मग दुखरा कुठला?"

"राइट वन?" तिने घोड्याकडे पाहिलं. "पण मग त्याला पळायला कसं सांगतात?"

घंटा झाली. पहिला घोडा फाटकातून बाहेर पडला. दुसरा पडला. ओरडलं तर शशिकांतची शर्यत गेली, आणि तीही पुन्हा त्यांच्याच शब्दाने. गप्प बसलं तर साडेचारशे किलोंचा घोडा दुखऱ्या पायावर भरधाव सुटणार होता आणि वर शशिकांत होता. शिवाय आपली चूकही होत असेल. ज्यांचा रोजचा हा धंदा, त्यांच्यातल्या कुणालाच काही दिसलं नव्हतं.

तिसरा घोडा बाहेर पडला.

"शशिकांत!" मोरेश्वर कठड्यावरून वाकले. "उतर! पुढचा उजवा पाय बघ!"

माणसं वळून बघू लागली. ते मराठीत काय म्हणाले हे, स्वरांगी सोडली तर, त्या सगळ्या गर्दीत एकालाच कळलं होतं. त्याला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. शशिकांतने मोरेश्वरांकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. मग पाय रिकिबीतून काढला आणि खाली उडी मारली.

गुडघ्याखाली, नळीच्या मागे, त्याचा हात थांबला. त्याने जनावरांच्या डॉक्टरला, व्हेटला हाक मारली. व्हेटने घोडा दहा पावलं दुडक्या चालीने पळवून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. नस गरम होती. भरधाव पळताना तुटली असती.

चार नंबर आज पळणार नाही, असं लाउडस्पीकरवर सांगितलं गेलं. उरलेले आठ पळाले. कोण जिंकलं ते मोरेश्वरांनी पाहिलं नाही.

शशिकांत आला तेव्हा त्याच्या काखेत खोगीर होतं. हिरव्या सदऱ्यावर चिखलाचा एक थेंबसुद्धा नव्हता.

"दुसऱ्यांदा तुझी शर्यत घालवली रे मी," मोरेश्वर म्हणाले.

"काका, तुम्हाला कसं दिसलं? मला वर बसून कळलं नाही. आनंदात होतो."

"मला नाही दिसलं. मी कागद वाचत होतो. हिने पाहिलं."

"फोर वॉज सेइंग येस," स्वरांगीने सांगितलं, आणि मान खालीवर करून दाखवली.

शशिकांतने खोगीर गवतावर ठेवलं. तिच्यासमोर तो उकिडवा बसला. बराच वेळ तिच्या हलणाऱ्या मानेकडे बघत राहिला.

"पुण्यातला तो घोडाही असाच येस म्हणत होता, बाळ," तो म्हणाला. "म्हणून तर मी त्याला पळवलं नाही."